हल्ल्याच्या रात्री कॉलेज काय करतं? (वसतिगृह, श्रद्धांजली सभा, काश्मिरी मुलं)

पाटीखडू

नमस्कार मंडळी. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते, राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) कामही माझ्याकडे आहे. २६ नोव्हेंबरला आमच्याकडे संविधान दिन आणि मुंबई हल्ल्यातल्या शहिदांना अभिवादन असा एकत्र कार्यक्रम होतो. यंदा प्राचार्यांनी त्यासोबत आणखी एक काम सोपवलंय. देशात मोठा दहशतवादी हल्ला झाला, तर पहिल्या आठवड्यात कॉलेजने काय करायचं याची लेखी कार्यपद्धती हवी आहे. त्यामागे एप्रिलचा अनुभव आहे, तो आधी सांगते.

२२ एप्रिल २०२५, मंगळवार. दुपारी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात गोळीबार झाला. रात्रीपर्यंत आकडा वाढतच गेला. एकूण २६ जण गेले, त्यातले सहा महाराष्ट्रातले. धर्म विचारून मारलं, हे आमची मुलं मेसमधल्या टीव्हीसमोर उभं राहून ऐकत होती. एरवी त्या वेळी मेसमध्ये एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागतं. त्या रात्री फक्त बातम्यांचा आवाज होता.

आमच्या वसतिगृहात जम्मू-काश्मीरची बरीच मुलं आहेत. पंतप्रधान विशेष शिष्यवृत्ती योजना २०११-१२ पासून सुरू आहे, दरवर्षी पाच हजार जागा असतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत ही मुलं दिसतात. त्यातला एक तिसऱ्या वर्षाचा मुलगा ताट घेऊन रांगेत होता. भाजी घेतली, पोळ्या घेतल्या, मग वळून टेबलांकडे पाहिलं. त्याच्या नेहमीच्या टेबलावर जागा होती. कुणी त्याला नाही म्हटलं नाही, कुणी ये असंही म्हटलं नाही. त्याने ताट खिडकीपाशी ठेवलं आणि तो खोलीवर निघून गेला. मेसच्या मावशींनी हे पाहिलं. त्यांनी डबा भरला, त्या टेबलावरच्या एका मुलाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुझा पार्टनर उपाशी गेलाय, घेऊन जा." तो गेला, आणि अर्ध्या तासाने दोघंही खाली आले.

माझ्या मते आमच्या कॉलेजने त्या आठवड्यात केलेलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं, आणि ते कुठल्याही परिपत्रकात नव्हतं.

पुढचं सगळं इतकं सरळ झालं नाही. रात्री उशिरा एका वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आपल्याकडे काश्मीरचे कोण कोण आहेत, खोली नंबरसकट टाका" असा मेसेज आला. रेक्टर सरांनी ग्रुप बंद करायला लावला आणि स्वतः खोलीखोलीत जाऊन बसले. घरी गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी श्रद्धांजली सभेच्या बैठकीत एका सहकाऱ्यांनी सुचवलं की काश्मिरी मुलांना व्यासपीठावर बोलावून निषेध करायला सांगू या. हेतू वाईट नव्हता, पण मी कडाडून विरोध केला. वीस वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर उभं करून "तू त्यांच्यातला नाहीस हे सांग" म्हणायचं, हे मला पटणं शक्य नव्हतं. ती मुलं सभेला आपणहून आली आणि आपापल्या वर्गाच्या रांगेत उभी राहिली.

मग ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं. पुंछवर तोफगोळे पडत होते आणि आमच्याकडे पुंछची एक मुलगी होती. तिला घरी फोन लागत नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी जिच्याकडे लोक संशयाने बघत होते, तिचंच घर आता पाकिस्तानच्या माऱ्याखाली होतं.

आता मला विचारायचंय ते असं. पहिल्या रात्री नेमकं कुणी काय करावं? सभेत काय असावं, काय नसावं? मुलांच्या सोशल मीडियावरच्या पोस्टचं काय करायचं? आणि ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्या दुःखाला कुठेही उणेपणा येऊ न देता हे सगळं कसं जमवायचं? ज्यांनी असे दिवस कॉलेजात काढलेत त्यांनी जरूर लिहा.

फलाट_नंबर_नऊ

पाटीखडू, विषय काढलात ते फार बरं केलंत.

मी २००८ साली दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. रंगभवनची गल्ली आमच्या रोजच्या पायाखालची. सीएसटीवरून उतरायचं, कामा हॉस्पिटलच्या बाजूने चालत जायचं. त्याच गल्लीत २६ नोव्हेंबरच्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. शहरात १६६ जण गेले, त्यातले ५८ एकट्या सीएसटीवर. दुसऱ्या दिवशी कॉलेजं बंद होती, पण तिसऱ्या दिवशीही ताजमधला धूर टीव्हीवर दिसतच होता.

कॉलेज उघडल्यावरचा पहिला तास मला अजून लख्ख आठवतो. आमच्या अर्थशास्त्राच्या बाईंनी हजेरी घेतली. एरवी त्या नंबर पुकारायच्या. त्या दिवशी पूर्ण नावं घेतली, एकेक, आणि "येस मॅम" आल्यावर मान वर करून त्या मुलाकडे पाहिलं. जे आले नव्हते त्यांच्याबद्दल वर्गाला विचारलं, कुणी फोन केलाय का, कुठे आहे. एका मुलाचे काका सीएसटीवर जखमी झाले होते, ते आम्हाला तिथे कळलं. मग त्या म्हणाल्या, आज शिकवत नाही, ज्यांना जे.जे.ला रक्त द्यायला जायचंय त्यांनी माझ्याबरोबर चला. जवळपास निम्मा वर्ग गेला.

आमच्या वर्गात मुस्लिम मुलं बरीच होती. त्यांना कुणी काही विचारलं नाही. पण त्याच आठवड्यात मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी हल्लेखोरांचे मृतदेह दफन करायला नकार दिला, ती बातमी आली तेव्हा माझा एक मित्र पेपर घेऊन कट्ट्यावर आला आणि नुसता समोर धरून उभा राहिला. त्याला त्या बातमीचा किती आधार वाटला होता ते तेव्हा समजलं. आधार वाटावा लागला, याचं मला फार वाईट वाटलं.

सभेबद्दल माझं मत असं आहे की घोषणा कमी ठेवा आणि माणसांबद्दल बोला. सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर जायला सांगितलं आणि असंख्य लोक वाचवले. कामा हॉस्पिटलमध्ये परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना एका खोलीत नेऊन दारं बंद केली आणि रात्रभर सांभाळलं. पुढे त्यांनी कोर्टात कसाबला ओळखलं आणि २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्या रात्रीची साक्ष मांडली. विशीतल्या मुलांना हे ऐकवा. आपल्या नेहमीच्या कामाच्या जागी उभं राहून माणूस काय करू शकतो, हे त्यांना त्यातून दिसतं.

सडेतोड

मी डोंबिवलीचा. २३ एप्रिलला भागशाळा मैदानात आमच्या गावच्या तिघांचं अंत्यदर्शन होतं, मी त्या गर्दीत होतो. एकाच कुटुंबातले तिघे. त्यामुळे मी जे लिहितोय ते त्या मैदानात उभं राहून लिहितोय असं समजा.

असं काही घडलं की दुसऱ्याच दिवशी कॉलेजं, संस्था, सगळे शांततेवर बोलायला लागतात. ज्यांच्या डोळ्यांसमोर नवऱ्याला, बापाला गोळी घातली, त्यांच्या रागाला आधी जागा द्या ना! माझा भाचा कॉलेजात आहे. सभेत त्याने "हा हल्ला धर्म विचारून झाला" एवढंच म्हटलं, तर एका प्राध्यापकांनी त्याला खाली बसवलं. का? ते खरं नव्हतं का? जे घडलं ते तोंडाने म्हणायचीही बंदी असेल तर मुलं ते दुसरीकडे जाऊन म्हणतील, आणि तिथे त्यांना भडकवणारे तयारच असतात.

मेसमधल्या त्या मुलाचं वाईट वाटलं. त्याची काही चूक नव्हती, हे मला मान्य आहे. पण तुमच्या कार्यपद्धतीत राग आलेल्या मुलांसाठी काय आहे, तेही लिहा.

पाटीखडू

सडेतोड, तुमच्या भाच्याला खाली बसवायला नको होतं. जे घडलं ते जसं घडलं तसंच सभेत सांगितलं पाहिजे, आम्ही निवेदनात ते स्पष्ट लिहिणार आहोत. त्याच निवेदनात सय्यद आदिल हुसेन शाहचाही उल्लेख असेल, पर्यटकांना वाचवताना मारल्या गेलेल्या घोडेवाल्याचा. दोन्ही गोष्टी त्याच दुपारी, त्याच कुरणात घडल्या. रागाला जागा द्यायचा तुमचा मुद्दा मी मसुद्यात घेते.

चिनार

मी काश्मिरी आहे, बारामुल्ला जिल्ह्यातला. शाळेपासून पुण्यात शिकलो, मराठी इथेच आली. आता नोकरीही इथेच. लिहू की नको असा विचार करत होतो.

हल्ला झाला की आमच्याकडे सगळ्यात आधी आईचा फोन येतो. ती घाबरलेली असते आणि तिची वाक्यं ठरलेली असतात. बाहेर जाऊ नकोस. बसमध्ये फोनवर काश्मिरीत बोलू नकोस. कुणी वाद घातला तर गप्प बस. २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यानंतर आठवड्याभरात यवतमाळमध्ये काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. त्या रात्री मी मित्राच्या घरी राहिलो. त्याच्या बाबांनी दारापाशी माझे बूट पाहिले, उचलून आतल्या कपाटात ठेवले आणि म्हणाले, जेवायला बस. कारण मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

सडेतोड दादा, तुम्ही मैदानात होता. २३ एप्रिलला आमचं सगळं खोरं बंद होतं, हल्ल्याच्या निषेधात. मशिदींच्या लाउडस्पीकरवरून निषेध झाला. दुसऱ्या दिवशी श्रीनगरच्या वर्तमानपत्रांनी पहिली पानं काळी छापली. माझ्या मामाचं पहलगाममध्ये छोटं गेस्टहाउस आहे. हे मी सहानुभूती मिळवायला सांगत नाहीये. त्या दिवशी आमच्या घरातही लोक रडले, एवढंच तुम्हाला माहीत असावं असं वाटतं.

पाटीखडू मॅडम, तुम्ही मुलांना व्यासपीठावर बोलवू दिलं नाहीत त्याबद्दल मनापासून आभार. मी कॉलेजात असताना मला प्रत्येक हल्ल्यानंतर कुणी ना कुणी "तुला काय वाटतं?" असं विचारायचं. वर्गातल्या इतर कुणाला ते विचारत नव्हते. उत्तर काहीही दिलं तरी समोरचा ते तपासून बघणार हे मला माहीत असायचं. त्यापेक्षा "जेवलास का?" "घरी बोलणं झालं का?" हे विचारा. एखाद्याला बोलायचं असेल तर तो त्यातूनच बोलतो.

आणि एक विनंती. काश्मिरी मुलांना "सुरक्षेसाठी" म्हणून एका वेगळ्या मजल्यावर हलवू नका. चार दिवसांत तो मजला सगळ्यांना माहीत होतो. आपल्या खोलीत, आपल्या पार्टनरबरोबर राहू द्या. आमची सगळ्यात मोठी सुरक्षा तो पार्टनरच असतो.

निवृत्त_खाकी

पोलीस दलात नोकरी केली, आता निवृत्त. काही गोष्टी कामाच्या सांगतो.

हल्ल्याच्या रात्री ठाण्याला फोन करून ओळख करून देण्यात वेळ जातो. ती ओळख जूनमध्ये, सत्र सुरू होतानाच करून ठेवावी. ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक आणि गोपनीय शाखेचा अंमलदार यांना रेक्टरचा नंबर माहीत हवा आणि रेक्टरला त्यांचा. बाहेरून घोळका आला तर गेट बंद करून आधी ११२ लावा, रखवालदाराला बोलणी करायला पुढे पाठवू नका. परराज्यातल्या मुलांची यादी फक्त रेक्टर आणि प्राचार्यांकडे असावी, ती कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये. पाटीखडूंनी सांगितलेला खोली नंबरवाला मेसेज मी ठाण्यात असतो तर फार गांभीर्याने घेतला असता. असा मेसेज आला की तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा. गटागटांत तेढ पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे (पूर्वीचं भादंवि १५३ अ).

पुलवामानंतर २२ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या मुख्य सचिवांना आणि पोलीस महासंचालकांना काश्मिरी विद्यार्थ्यांवरचे हल्ले तातडीने रोखायला सांगितलं होतं, आणि त्यासाठी नोडल अधिकाऱ्यांकडे जबाबदारी दिली होती. कॉलेजने पत्र लिहिताना त्या आदेशाचा उल्लेख करावा, फरक पडतो.

आणि सडेतोड यांच्यासाठी. तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. गिरगाव चौपाटीवर त्यांनी एके-४७ची नळी छातीशी धरून ठेवली, म्हणून कसाब जिवंत हाती लागला. जिवंत होता म्हणून खटला उभा राहिला, कट कुठे शिजला ते जगासमोर आलं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ला येरवड्यात फाशी झाली. ती रात्र आठवली की मला आजही संताप येतो. पण गुन्हेगार सापडतो तो पुराव्याने. वसतिगृहातल्या पोराच्या दारावर लाथ मारून आजवर एकही अतिरेकी सापडलेला नाही.

ऐकणारी_ताई

मी महाविद्यालयांत समुपदेशनाचं काम करते.

हल्ल्यानंतर कॉलेजं उत्साहाने "मन मोकळं करा" असं सत्र ठेवतात, सगळ्यांना गोलात बसवून बोलायला लावतात. ते करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा म्हणजे पाहा, ऐका आणि गरज असेल तिथे जोडून द्या. जो बोलत नाही त्याला बोलतं करण्याचा हट्ट त्यात कुठेच नाही. झोप, जेवण, घरच्यांशी संपर्क आणि ओळखीचं माणूस जवळ असणं, पहिल्या दोन दिवसांत बहुतेकांना एवढंच लागतं.

मेसमधल्या टीव्हीबद्दल मात्र मला ठामपणे बोलायचंय. बॉस्टन मॅरेथॉनमधल्या २०१३च्या स्फोटांनंतर अमेरिकेत अभ्यास झाला. त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ स्फोटाच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तीच तीच दृश्यं शंभर वेळा पाहून मुलांचं ज्ञान वाढत नाही, झोप उडते. बातम्या ठरावीक वेळी लावा आणि मग टीव्ही बंद करा. फोन तुमच्या हातात नाही, पण मेसचा टीव्ही आहे.

आणखी एक गट नेहमी नजरेतून सुटतो, तो सैनिकांच्या मुलांचा. सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या कॉलेजांत ज्यांचे वडील किंवा भाऊ सीमेवर आहेत अशी कितीतरी मुलं असतात. मे महिन्यात त्या चार दिवसांत माझ्याकडे आलेली एक मुलगी फोन हातातून खाली ठेवायलाच तयार नव्हती. वर्गात युद्धाच्या गप्पा रंगल्या होत्या आणि ती मधल्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. पुंछची मुलगी आणि ही, दोघींची भीती एकाच जातीची होती. त्या दोघी एका कॉलेजात असत्या तर मी त्यांना एकमेकींशेजारी बसवलं असतं.

दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, वर्ग टाळत असेल, अचानक दचकत असेल तर तज्ज्ञाकडे पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो नोटीस बोर्डावर कायमचा असू द्या.

रागाबद्दल. राग हाही शोकाचाच भाग आहे, सडेतोड बरोबर बोलताहेत. रागावलेल्या मुलाला प्रवचन देऊ नका. त्याच्याशी एकट्याने, बसून, पूर्ण ऐकून घेत बोला. मग त्याला काहीतरी हातात द्या, रक्तदान शिबिराची नोंदणी, मदत निधीचा हिशोब, सभेची व्यवस्था.

काळा_कोट

सोशल मीडियाच्या पोस्टबद्दल. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला ऑपरेशन सिंदूरबद्दलची एक पोस्ट शेअर केल्यावरून अटक झाली आणि कॉलेजने तिला काढून टाकलं. तिने पोस्ट काढून माफीही मागितली होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, काढून टाकण्याच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसण्याचा मार्ग मोकळा केला. तिची बाजू ऐकूनच घेतली नव्हती, हा तिच्या वतीने मांडलेला मुख्य मुद्दा होता.

पोस्ट आवडली नाही, चीड आली, हे सगळं ठीक. पण शिक्षण संस्थेने आधी मुलीला बोलवायचं, पालकांना कळवायचं, तिचं म्हणणं लेखी घ्यायचं आणि मग समितीने निर्णय करायचा. हिंसेचं उघड आवाहन असेल तर पोलीस आहेतच. बाकीच्या बाबतीत कॉलेज हे शिकण्याचं ठिकाण आहे, आणि एकोणीस वर्षांचं माणूस अजून शिकतंय. हा नियम दोन्ही बाजूंच्या पोस्टना सारखाच लावा. काश्मिरींना मारा म्हणणारी पोस्ट "भावनेच्या भरात" म्हणून सोडून द्यायची आणि दुसरीवर बडतर्फी, हे कोर्टात टिकणार नाही आणि वर्गातही टिकणार नाही.

उत्तरध्रुव

मी बरीच वर्षं ओस्लोत राहते. नॉर्वेतल्या तरुणांनी हे फार वेगळ्या टोकाने भोगलंय. २२ जुलै २०११ रोजी एकाच माणसाने आधी ओस्लोत बॉम्बस्फोट केला, मग उटोया बेटावरच्या युवक शिबिरात गोळीबार केला. एकूण ७७ जण गेले, त्यातले ६९ बेटावर, बहुतेक कॉलेजच्या किंवा त्याहूनही लहान वयाचे. मारणारा नॉर्वेजियनच होता, स्थलांतरितांच्या द्वेषाने पेटलेला. पण तो कोण हे कळायच्या आधीच्या काही तासांत इथल्या रस्त्यांवर सावळ्या रंगाच्या लोकांना शिव्याशाप, धक्काबुक्की सहन करावी लागली होती. म्हणूनच पहिल्या रात्रीवरचा तुमचा भर मला महत्त्वाचा वाटतो.

नंतर प्रश्न आला बेटावरच्या कॅफेच्या इमारतीचा. तिथेच १३ जण मारले गेले होते. काहींना ती पाडायची होती, काहींना जशीच्या तशी ठेवायची होती. वाचलेली मुलं आणि गेलेल्यांचे आईवडील यांच्याशी वर्षानुवर्षं बोलून मधला मार्ग काढला. जिथे गोळीबार झाला तो भाग जपला आणि त्याभोवती नवी वास्तू बांधली. आतल्या बाजूला ६९ खांब, गेलेल्यांसाठी, आणि बाहेर ४९५ लाकडी काठ्या, वाचलेल्यांसाठी. तिथे आता शाळा-कॉलेजच्या मुलांना लोकशाही शिकवतात. शिबिर २०१५ साली पुन्हा सुरू झालं.

मला यातलं घेण्यासारखं वाटतं ते हे की घाई केली नाही आणि मुलांना विचारलं. तुमची कार्यपद्धती बनवताना समितीत विद्यार्थी आहेत का?

सडेतोड

चिनार, तुमची पोस्ट दोनदा वाचली. खोरं बंद होतं ते टीव्हीवर पाहिलं होतं, पण तेव्हा त्याकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. तुमच्या मामांचं गेस्टहाउस सुरू आहे का आता?

माझं मूळ मत कायम आहे. अतिरेक्यांना आणि त्यांना पोसणाऱ्यांना सोडता कामा नये, आणि शांततेच्या नावाखाली कुणी ते झाकू नये. पण वसतिगृहातली पोरं यात कुठे येत नाहीत, हे मी माझ्या भाच्याला स्वतः सांगेन. खाकींचं शेवटचं वाक्य त्याला तसंच्या तसं पाठवलंय.

चिनार

दादा, हल्ल्यानंतर बुकिंग सगळी गेली होती. सप्टेंबरपासून थोडे लोक यायला लागलेत. मामा म्हणतात महाराष्ट्राची गाडी दिसली की आम्ही जास्त काळजी घेतो. कधी आलात तर मला आधी सांगा.

पाटीखडू

सगळ्यांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली, कुठवर आलोय ते सांगते.

उत्तरध्रुव, समितीत विद्यार्थी नव्हते. आता चार घेतलेत, त्यात पुंछची ती मुलगी आणि एका सुभेदारांचा मुलगा आहे. सभेचं निवेदन आधी लिहून ठेवलेलं असेल, वाचणारे दोन विद्यार्थी असतील, आणि कुणालाही त्याच्या गावावरून किंवा धर्मावरून बोलायला बोलावलं जाणार नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गात नावाने हजेरी, ही फलाट_नंबर_नऊ यांच्या बाईंची पद्धत सगळ्यांना इतकी आवडली की ती एकमताने मंजूर झाली. टीव्हीचा मुद्दाही मान्य झाला. पोलीस ठाण्यात या आठवड्यात प्राचार्य स्वतः जाणार आहेत. चिनार, वेगळ्या मजल्याची सूचना मसुद्यात होती, तुमची पोस्ट मी बैठकीत वाचून दाखवली आणि ती काढली.

२६ तारखेच्या कार्यक्रमात यंदा मुख्य पाहुणे नाहीत. संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन होईल, मग ओंबळे, झेंडे आणि कुलथे यांच्याबद्दल विद्यार्थी बोलतील, त्यानंतर रक्तदान. मेसच्या मावशींना व्यासपीठावर बसा म्हटलं तर त्या नाही म्हणाल्या, त्या दिवशी दोनशे जणांचा नाश्ता आहे.

अडलंय ते एकाच ठिकाणी. "हल्ल्याच्या रात्री रेक्टर आणि किमान दोन शिक्षक वसतिगृहात मुक्कामाला राहतील" हे कलम काही जणांना बंधनकारक नकोय. घरच्या अडचणी असतात, ते मला समजतं. पण "शक्य असल्यास" असं लिहिलं की त्या रात्री कुणालाच शक्य होणार नाही, म्हणून मी त्यावर अडून बसलेय. काळा_कोट, काही शब्दरचना सुचते का?

काळा_कोट

व्यक्तीवर बंधन घालण्याऐवजी पाळीवर घाला. सत्राच्या सुरुवातीला शिक्षकांची आपत्कालीन मुक्कामाची पाळी लावायची, प्रत्येक आठवड्याला दोन नावं आणि एक राखीव नाव. अडचण असेल त्याने आपला बदली शिक्षक स्वतः ठरवून रेक्टरना कळवायचा. मग वाक्य असं होईल: "प्राचार्यांनी किंवा रेक्टरनी कळवताच त्या आठवड्याच्या पाळीतील दोन शिक्षक रात्री नऊपूर्वी वसतिगृहात हजर होतील व दुसऱ्या दिवशीचा पहिला तास सुरू होईपर्यंत तेथे थांबतील." यादीत एक शिक्षिका हवीच, मुलींच्या वसतिगृहासाठी. दुसऱ्या दिवशी त्यांना कर्तव्य रजा द्या, म्हणजे विरोध बराच मावळेल.

पाटीखडू

कर्तव्य रजेचं डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी हेच वाक्य मांडते. पहिल्या आठवड्याच्या पाळीत माझं नाव घालून नेते.